काळी किनार



आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. शाळा लवकर सुटली, तेव्हा प्रकाशशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आमचा नव्हे. पण दोष नेमका कोणाचा, हे शोधण्यात मात्र आमचे आयुष्य गेले आहे. आजचा विषय, घरातील सिनेमाच्या पडद्याला काळी किनार कशासाठी, हाही तसाच दोषाचा तंटा आहे.

आमच्या एका सभासदांनी निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटीच्या पैशांतून प्रोजेक्टर घेतला आणि पांढऱ्या भिंतीवर चित्र पाडले. चित्र फिके दिसे, कडा अंधुक दिसत. दुकानदार म्हणाला, याहून भारी यंत्र घ्या. घरची मंडळी म्हणाली, म्हाताऱ्याने पैसे बुडविले. तेव्हा आम्हांला बोलावणे आले.

अशी एक तक्रार पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात पूर्वी झाली होती. तेथे भिंतीवर टांगण्याची चित्रवस्त्रे विणली जात. शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली तेथे रंगखात्याचे प्रमुख झाले. काळा रंग उठत नाही, अशी ओरड होती. म्हणजे ठपका रंगाऱ्यांवर. शेव्रल यांनी दुसरीकडची काळी लोकर आणून ताडून पाहिली. रंगाऱ्यांचे काम चोख होते! काळ्याशेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या रंगांमुळे तो निस्तेज भासत होता. डोळा प्रत्येक रंग शेजाऱ्याशी तोलून पाहतो, हा सिद्धांत त्यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला.

हाच न्याय पडद्याला लागू आहे. आमच्या एका सुतार सभासदाने चार बोटे रुंदीची लाकडी चौकट केली, तिला काळी मखमल लावली आणि मध्ये पांढरा पडदा ताणला. यंत्र तेच, दिवा तोच. पण चित्र उजळ दिसू लागले. चित्राबाहेर सांडणारा उजेड भिंतीवर चमकत होता, तो मखमलीने गिळला. काठ रेखीव झाले. काळ्याशेजारी उजेड अधिक उजेड वाटू लागला.

पण बंधूंनो, एकच बाजू सांगणे आमच्या धंद्यात बसत नाही. काळोख फेकणारा दिवा अजून कोणी केलेला नाही. चित्रातला काळा म्हणजे पांढऱ्या पडद्यावरचा कमी उजेड, खरे तर करडाच. सोळास नऊ या प्रमाणाच्या पडद्यावर २.३९ रुंदीचा चित्रपट लावला, की वर-खाली मिळून सुमारे पाव पडदा रिकामा राहतो. मखमलीशेजारी त्या पट्ट्यांचा करडेपणा उघडा पडतो. त्यावर उपाय मखमल लावलेल्या दोन सरकत्या फळ्या. थिएटरात काळे पडदे सरकतात, ते याचसाठी. आणि छत पांढरे असेल, तर चित्राचाच उजेड त्यावरून उलटून पडद्यावर येतो व काळा भाग धुऊन काढतो. तेथे किनारीचे काही चालत नाही. छतच गडद रंगवावे लागते.

आमच्या सभासदांनी तेही केले. नवे यंत्र घ्यावे लागले नाही. घरात आता त्यांना कोणी बोल लावत नाही, ही आमच्या मते चित्राहून मोठी गोष्ट.

काम करणाऱ्याला, मग तो माणूस असो वा यंत्र, नालायक ठरविण्यापूर्वी त्याला कोठे उभे केले आहे ते पाहावे, एवढेच आमचे मागणे आहे.