पथ्य आणि औषध : एच. आय. व्ही. बाधितांचा आहारविहार



पथ्याला आपल्याकडे मोठा मान आहे. पथ्य सांभाळले तर औषध हवे कशाला, असे म्हणणारे वडीलधारे घरोघरी असतात. काही दुखण्यांत ते खरेही ठरते. परंतु एच. आय. व्ही.च्या बाबतीत हाच समज जिवावर बेततो. म्हणून या दोहोंचे नाते आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत.

रोगांशी झुंजणाऱ्या आपल्या रक्तातील पेशींतच हा विषाणू शिरतो, तेथेच वाढतो आणि त्यांचा नाश करतो. ही वाढ औषध रोखते; अन्न रोखू शकत नाही. दक्षिण आफ्रिकेत राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी यांनी या विषाणूविषयीच शंका घेतली आणि त्यांच्या आरोग्यमंत्री लसूण, लिंबू व बीट यांचा पुरस्कार करीत राहिल्या. २००६ साली टोरांटोच्या जागतिक परिषदेत त्या देशाच्या दालनात याच वस्तू मांडल्या होत्या. औषधे लोकांपर्यंत पोचण्यास विलंब झाला. २००० ते २००५ या काळात त्यापायी ३,३०,००० हून अधिक माणसे दगावली, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ साली केला. लसूण वाईट नव्हे. तिला न पेलणारे काम तिच्यावर सोपवले गेले, एवढेच.

आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून सरकार ही औषधे मोफत देते. आज पुष्कळांना दिवसाकाठी एकच गोळी पुरते. ती न चुकता घेतली, की कालांतराने रक्ततपासणीत विषाणू सापडेनासा होतो, आणि तो तसाच राहिला तर शरीरसंबंधातूनही दुसऱ्यास लागण होत नाही.

मग आहाराला काम उरले काय? उरले, आणि मोठे उरले. झीज भरून काढणे हे त्याचे काम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, लक्षणे नसलेल्या बाधित प्रौढालाही सुमारे १० टक्के अधिक उष्मांक लागतात. म्हणजे किती? रोजच्या जेवणावर मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा! भाकरी, वरण, मोडाची उसळ, पालेभाजी, दही आणि चालत असेल तर उकडलेले अंडे, एवढ्यावर उत्तम भागते. पाणी उकळलेले असावे, मांस पुरते शिजलेले असावे. वजन कारणावाचून घटू लागले, तर खुराक वाढवीत न बसता क्षयाची तपासणी करून घ्यावी. उलट, नव्या औषधांवर काहींचे वजन वाढते. तेव्हा तूप-साखरेला आवर घालावा.

व्यायामाचेही तसेच. या रुग्णांत हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो आणि काही औषधांनी हाडे विरळ होतात. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालावे. दोन दिवस बैठका किंवा वजन उचलणे असावे. तंबाखू तर सोडावीच.

आता शक्तिवर्धक गोळ्या. भारी मात्रेची जीवनसत्त्वे औषधाच्या जोडीला देऊन टांझानियात दार-ए-सलाम येथे पाहिले गेले. २०१२ साली निष्कर्ष आला : नेहमीच्या मात्रेहून अधिक लाभ नाही, यकृतावर मात्र ताणाची चिन्हे. आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवण्याजोगी आहे. आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळीत डोल्यूटेग्राविर असते. कॅल्शियम, लोह किंवा आम्लपित्ताचे औषध तिच्याबरोबर उपाशीपोटी घेतले, तर ती अंगी नीट लागत नाही. ती त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. टॉनिक, चूर्ण, काढा, काहीही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा; त्यात लाज नाही.

शेवटचे पथ्य घरच्यांसाठी आहे. एका ताटात जेवल्याने किंवा एका पेल्यातून पाणी प्यायल्याने हा रोग लागत नाही. तरीही कित्येक घरांत बाधिताचे ताट वेगळे ठेवतात. मग तो गोळ्या लपवून ठेवतो, लपवता लपवता चुकवतो, आणि चुकलेल्या गोळीची भरपाई कोणताही खुराक करू शकत नाही. म्हणून त्याचे पान सर्वांच्या पंगतीतच मांडा, आणि जेवण झाल्यावर मोकळेपणाने विचारा, "गोळी घेतलीस ना?"