चिनी विद्यार्थ्यांची इंग्रजीची परीक्षा : वाचन आणि व्याकरण

पालक व विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर



इंग्रजी हा आपल्या घराघरांत काळजीचा विषय आहे. मुलाला इंग्रजीत कमी गुण पडले की आपण चटकन म्हणतो, ‘त्याचे व्याकरण कच्चे आहे.’ मग त्याला शिकवणी लावली जाते. तेथे तो काळांचे तक्ते पाठ करतो, नियम घोकतो आणि पुढच्या परीक्षेत अपरिचित उतारा समोर आला की पुन्हा तेथेच अडखळतो. नियम येतात, पण वाचता येत नाही, अशी ही अवस्था आहे. हाच प्रश्न आपल्यापेक्षा मोठ्या प्रमाणावर चीनसमोर उभा राहिला होता. त्यांनी त्यावर जो उपाय केला आणि त्या उपायाला जेवढे यश आले व जेवढे आले नाही, ते आज तुमच्यापुढे मांडावे असा माझा विचार आहे.

प्रथम चिनी विद्यार्थ्याची अडचण समजून घेऊ. मराठीत आपण ‘तो गेला’, ‘ती जाते’, ‘ते जातील’ असे म्हणतो. क्रियापद काळाप्रमाणे, लिंगाप्रमाणे, वचनाप्रमाणे बदलते. चिनी भाषेत क्रियापदाचे रूप असे बदलतच नाही. काल, आज, उद्या हे शब्द आणि काही छोटे अव्यय यांवरून काळ कळतो. नामालाही आपल्यासारखे अनेकवचन नाही. त्यामुळे ‘गो’, ‘गोज’, ‘वेंट’, ‘गॉन’ ही एकाच शब्दाची चार रूपे कशासाठी, हेच त्या मुलाला आधी उमगत नाही. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे त्याच्या भाषेत नाहीत. ती तर आपल्याही भाषेत नाहीत. आणखी एक गोष्ट आपल्याला जवळची वाटेल. आपण ‘काल आलेला मुलगा’ म्हणतो, म्हणजे वर्णन आधी आणि मुलगा नंतर. चिनी भाषेतही हाच क्रम असतो. इंग्रजीत मात्र मुलगा आधी येतो आणि ‘जो काल आला’ हे वर्णन मागून येते. तेव्हा लांब इंग्रजी वाक्य वाचताना चिनी मुलाला आणि आपल्या मुलाला, दोघांनाही, डोक्यात वाक्य उलटे फिरवावे लागते. वाचनातला खरा अडसर येथे आहे.

आता तेथील परीक्षेकडे वळू. उच्च माध्यमिक शाळेची तीन वर्षे संपली की विद्यापीठप्रवेशासाठी जी देशव्यापी परीक्षा होते तिला ‘गाओकाओ’ म्हणतात. ती १९५२ साली सुरू झाली. १९६६ साली सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत ती बंद पडली आणि १९७७ च्या हिवाळ्यात पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी सुमारे ५७ लाख उमेदवार बसले आणि जेमतेम २ लाख ७३ हजारांना प्रवेश मिळाला. म्हणजे शंभरांतून पाच जणही आत गेले नाहीत! २०२४ साली या परीक्षेसाठी १ कोटी ३४ लाखांवर विद्यार्थ्यांनी नावे नोंदवली होती. आज प्रवेशाच्या जागा पुष्कळ वाढल्या आहेत, तरी चांगल्या विद्यापीठासाठी झुंज तितकीच तीव्र आहे. २००३ पासून ही परीक्षा सहसा जूनच्या ७ तारखेला सुरू होते. त्या दिवशी केंद्राजवळची बांधकामे थांबवतात, मोटारींच्या भोंग्यांवर बंदी असते आणि आईबाप फाटकाबाहेर उभे राहतात. या बाबतीत सगळीकडचे आईबाप सारखेच.

१९७७ नंतर इंग्रजीला लगेच पूर्ण मान मिळाला नाही. पन्नाशीच्या दशकात तेथे परदेशी भाषा म्हणून रशियनचा वरचष्मा होता आणि पुढची अनेक वर्षे शाळा विस्कळीत झाल्या होत्या. म्हणून परदेशी भाषेचे गुण पायरीपायरीने धरले गेले. १९७८ साली ते नुसते माहितीसाठी पाहिले जात. १९७९ पासून प्रमुख विद्यापीठांच्या प्रवेशासाठी १० टक्के, मग ३०, ५०, ७० असे वाढवत १९८३ साली पूर्ण गुण धरले जाऊ लागले. शाळांना तयारीला वेळ मिळावा, हा या क्रमामागचा शहाणपणा आपण लक्षात घेण्यासारखा आहे.

पण त्या काळी इंग्रजीची परीक्षा म्हणजे मुख्यतः नियमांची परीक्षा होती. वर्गातही तेच चाले. शिक्षक एकेक शब्द फोडून सांगत, मुले नियम उतरवून घेत. क्वांगचौ येथील परदेशी भाषा संस्थेतील प्राध्यापक गुई शिचुन आणि ली श्याओजू यांनी या पद्धतीवर नेमका उपाय शोधला. त्यांचा विचार साधा होता. परीक्षेत जे विचारतात तेच वर्गात शिकवले जाते. तेव्हा शिक्षण बदलायचे असेल तर प्रश्नपत्रिका बदलावी. १९८५ साली क्वांगतुंग प्रांतात नव्या धर्तीची परीक्षा प्रयोगादाखल घेतली गेली आणि पुढे तिचा प्रसार देशभर झाला. भाषेबद्दल काय माहीत आहे यापेक्षा भाषा वापरता येते का, हे तपासण्याकडे तिचा रोख होता.

तो रोख पुढे आणखी स्पष्ट होत गेला. बहुतेक प्रांतांत सध्या वापरली जाणारी प्रश्नपत्रिका १५० गुणांची व दोन तासांची असते. त्यांपैकी ३० गुण श्रवणाला, ५० वाचनाला, ३० भाषेच्या उपयोगाला आणि ४० लेखनाला. एकट्या वाचनाला एकूण गुणांचा तिसरा हिस्सा आहे हे ध्यानात ठेवा.

वाचनाचे ५० गुण कसे विभागले आहेत ते पाहा. चार उतारे आणि त्यांवर १५ प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. पहिला उतारा बहुधा सूचनाफलक, जाहिरात किंवा वेळापत्रक अशा व्यवहारातल्या मजकुराचा असतो. पुढे एखादी गोष्ट किंवा अनुभव, आणि शेवटी विज्ञान वा समाज यांविषयीचे लेख. प्रश्न चार जातींचे असतात : उताऱ्यात दिलेली माहिती शोधणे, न सांगितलेली गोष्ट ताडणे, एकूण आशय सांगणे आणि अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भावरून ओळखणे. शेवटचा प्रकार मला फार मोलाचा वाटतो. शब्दकोश जवळ नसताना माणूस कसा वाचतो, याची ती कसोटी आहे. चुकीच्या पर्यायांत पुष्कळदा उताऱ्यातलेच शब्द जसेच्या तसे घातलेले असतात. नुसते शब्द जुळवणारा मुलगा तेथे हमखास फसतो. अर्थ समजलेला मुलगा वेगळ्या शब्दांत मांडलेले बरोबर उत्तर ओळखतो.

उरलेले साडेबारा गुण एका वेगळ्या प्रश्नाला आहेत. उताऱ्यातली पाच वाक्ये काढून घेतात आणि खाली सात वाक्ये देतात. कोणते वाक्य कोठे बसते ते सांगायचे; दोन वाक्ये उरतात. येथे मागच्या वाक्याचा धागा पुढच्या वाक्यात कसा जातो, ‘हे’ म्हणजे कोणते, ‘परंतु’ कशाला उद्देशून आले, हे पाहावे लागते. चार पर्यायांच्या १५ प्रश्नांत नुसता अंदाज मारला तरी सरासरी चारएक उत्तरे बरोबर येतात. या प्रश्नात अंदाजाचा पाय इतका सहज टिकत नाही.

आता व्याकरणाकडे येऊ. पूर्वी एक सुटे वाक्य देऊन खाली चार पर्याय देत. क्वांगतुंगने २००७ साली त्याऐवजी सलग उताऱ्यातील गाळलेल्या जागा भरण्याचा प्रश्न आणला आणि २०१४ पासून देशव्यापी प्रश्नपत्रिकांतही तो आला. सुमारे दोनशे शब्दांचा उतारा, दहा रिकाम्या जागा, प्रत्येकी दीड गुण. सहा-सात जागांशेजारी मूळ शब्द दिलेला असतो, त्याचे योग्य रूप करायचे. बाकीच्या जागी काहीच दिलेले नसते. उपपद, शब्दयोगी अव्यय, सर्वनाम, उभयान्वयी अव्यय, काय हवे ते विद्यार्थ्यानेच ठरवायचे.

माझ्या मनाने एक नमुना देतो. ‘माय ग्रँडफादर’, पुढे एक रिकामी जागा, ‘लिव्ह्ड इन अ स्मॉल व्हिलेज’, पुन्हा रिकामी जागा, ‘हिमसेल्फ टू रीड’. दुसऱ्या जागेशेजारी मूळ शब्द ‘टीच’ दिला आहे. पहिल्या जागी ‘हू’ हवे आणि दुसऱ्या जागी ‘टॉट’. ‘टीच’चे भूतकाळी रूप ‘टॉट’ होते हे पाठ असून येथे भागत नाही. ‘खेड्यात राहत असलेले’ हे मधले वर्णन आहे, आजोबांनी काय केले हे मुख्य वाक्य अजून पुढे आहे, हे वाचताना दिसले पाहिजे. ज्याला ते दिसले नाही तो पहिल्या जागी भलतेच काही लिहील. पुढच्या वाक्यात ‘डिटर्माइन’ देऊन ‘हिज’नंतरची जागा भरायला सांगितली, तर तेथे क्रियापद चालणार नाही, ‘डिटर्मिनेशन’ हे नाम लागेल. म्हणजे व्याकरण तपासले गेले, परंतु वाचनाच्या आतून तपासले गेले.

या प्रश्नाचे विषयही पाहण्यासारखे आहेत. नव्या धर्तीच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत २०२१ साली ह्वांगशान पर्वताच्या सहलीवर उतारा होता, २०२२ साली पांडा या प्राण्याच्या राष्ट्रीय उद्यानावर आणि २०२३ साली रस्सा भरलेल्या चिनी मोदकासारख्या एका खाद्यपदार्थावर. आपल्या घरच्या गोष्टी परक्या भाषेत वाचायच्या आणि सांगायच्या, अशी ही योजना आहे.

लेखनातही वाचनाचा धागा सोडलेला नाही. सुमारे साडेतीनशे शब्दांची अपुरी गोष्ट वाचून ती पुढे दीडशे शब्दांत पूर्ण करायची, असा २५ गुणांचा प्रश्न प्रथम च-च्यांग प्रांतात २०१६ साली आला. गोष्ट नीट वाचली नसेल तर पाठ केलेला निबंध तेथे कामाला येत नाही.

मग सारे सुरळीत झाले काय? तसे म्हणता येणार नाही. ची लूश्या या चिनी अभ्यासक बाईंनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले की परीक्षा रचणाऱ्यांचा हेतू एक होता आणि वर्गात चालत होते दुसरे. शिक्षक आणि विद्यार्थी भाषा वापरण्याऐवजी प्रश्नांच्या साच्यांचा सराव करत होते. उच्च माध्यमिकचे शेवटचे वर्ष तर बहुतांशी उजळणी आणि सराव परीक्षांतच जाते. निकालावर मुलाचे सारे भवितव्य टांगलेले असले की चांगल्या प्रश्नाचाही साचा बनतो.

मोजमापावरचा विश्वासही नाजूक असतो. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये च-च्यांगच्या इंग्रजी परीक्षेत प्रश्नपत्रिका मागच्यापेक्षा कठीण गेली असे ठरवून काही प्रश्नांचे गुण वाढवून देण्यात आले. ज्यांनी ते प्रश्न मुळातच चांगले सोडवले होते त्यांना वाढीचा फारसा लाभ नाही आणि इतरांना अधिक, अशी पालकांची तक्रार झाली. चौकशी होऊन डिसेंबरमध्ये हा निर्णय रद्द करण्यात आला आणि मूळ गुण कायम झाले. दीड-अडीच गुणांना एवढे मोल असते!

पालक बंधू-भगिनींनो, या साऱ्यातून मला एकच गोष्ट सांगायची आहे. प्रश्नपत्रिका वाचन मागू शकते. वाचन देऊ शकत नाही. ते मुलाला रोज थोडेथोडे मिळवावे लागते. चीनच्या अभ्यासक्रमात उच्च माध्यमिकच्या अखेरीस तीन हजारांवर इंग्रजी शब्दांची अपेक्षा आहे. एवढे शब्द यादीतून पाठ होत नाहीत, झाले तरी टिकत नाहीत. ते वाचता वाचता पुन्हा पुन्हा भेटतात तेव्हाच आपले होतात.

आपल्या कित्येक घरांत आईबापांना इंग्रजी येत नाही. त्यांनी संकोच करू नये. मुलाला रोज इंग्रजीचा एक लहान परिच्छेद वाचायला सांगा आणि त्यात काय होते ते घरच्या बोलीत सांगायला लावा. ‘हे कोण म्हणाले? का म्हणाले? पुढे काय झाले?’ एवढे तीन प्रश्न विचारायला इंग्रजी लागत नाही. मूल गडबडले की समजावे, तेथे वाचन अपुरे आहे. त्याला परत त्याच वाक्याकडे पाठवा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही दोन कामे करा. अनोळखी शब्द आला की लगेच शब्दकोश उघडू नका. आधी आजूबाजूच्या वाक्यांवरून अर्थ ताडा, तो वहीत लिहा, मग शब्दकोशाशी ताडून पाहा. दुसरे, पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद उतरवून घ्या, त्यातील दहा शब्द गाळा आणि दोन दिवसांनी पुस्तक मिटून ते भरा. जेथे चुकाल तेथलाच नियम व्याकरणाच्या पुस्तकात पाहा. असा गरजेने पाहिलेला नियम विसरत नाही. याला ना फी लागते ना शिकवणी. थोडी मेहनत आणि पुष्कळ चिकाटी मात्र लागते.

यंदाच्या निकालपत्रकावर इंग्रजीपुढचा आकडा पाहाल, तो जरूर पाहा. पण त्याच संध्याकाळी मुलाला जवळ बसवा आणि त्याने कधी न पाहिलेले इंग्रजी पान त्याच्यापुढे ठेवा. ते पान तो किती समजून वाचतो, त्यावरून त्याच्या तालमीचा पाया किती पक्का आहे ते तुम्हाला कळेल.