डॅशबोर्डवरचा अंधार

उत्तरपाड्याच्या कारखान्यात ॲम्बॅसडर मोटारींचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईतील पद्मिनी टॅक्सींनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्याचा निरोप घेतला. तरीही या मोटारी काही घरांतून आजही ममतेने सांभाळल्या जातात. अशा वृद्ध मोटारीत दिवसा काही उणे भासत नाही. दिवेलागणीनंतर मात्र डॅशबोर्डवरचे काटे काळोखात बुडालेले आढळतात. मालक म्हणतो, "वेग अंदाजाने कळतो, पेट्रोल सकाळीच भरले आहे. मग बिघडले कुठे?"

बिघडलेले असते ते त्याच्या पाठीमागे. पुष्कळ जुन्या मोटारींत डॅशबोर्डचे दिवे आणि मागचे तांबडे दिवे एकाच फ्यूजवर चालतात. तो वितळला की दोन्ही एकदमच मालवतात. पुढचे दिवे निराळ्या जोडणीवर असल्यामुळे समोरचा रस्ता स्वच्छ दिसतो आणि चालकाला शंकाही येत नाही. मागून येणाऱ्या ट्रकचालकाला मात्र ती मोटार दिसतच नाही. म्हणून डॅशबोर्ड अंधारला, की गाडी बाजूला घेऊन प्रथम मागचे दिवे पाहावेत.

तेही गेले असतील, तर फ्यूज तपासावा. नवा फ्यूज मूळच्याच क्षमतेचा हवा. त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळण्याची युक्ती घातक होय. मग फ्यूजऐवजी तारच तापते आणि प्रसंगी गाडी पेट घेते. नवा फ्यूजही उडाला, तर कोठेतरी तार घासून उघडी पडली आहे असे समजावे. केवळ एखादाच दिवा मिणमिणत असेल, तर दोष बहुधा गंजाचा असतो. दोन-तीन वॅटच्या या बल्बचा प्रवाह बहुधा पत्र्यावाटेच परततो. बॅटरीची तार सोडवून ती जागा पॉलिशपेपरने घासली, की पुष्कळदा काम भागते.

हौशी मालक तेथे एलईडी बसवतात. ते उलटे बसले तर पेटत नाहीत. फिरवून लावावे लागतात. परंतु चार्जिंगचा तांबडा दिवा बदलू नये. आल्टर्नेटर असलेल्या अनेक जुन्या मोटारींत त्या साध्या बल्बमधून येणाऱ्या प्रवाहानेच आल्टर्नेटर कार्यान्वित होतो.

शिवाय अंधाराला सरावलेली दृष्टी झगझगाटाने क्षणात विस्कटते. ती पूर्ववत होण्यास अर्धा तासही लागतो. तेवढ्यात दिवा नसलेली बैलगाडी समोर येऊ शकते. काटा जेमतेम वाचता यावा, इतका प्रकाश डॅशबोर्डला पुरे.