शब्दाचे जन्मसाल

ऐतिहासिक कथा-कादंबरी लिहू पाहणारा एखादा होतकरू लेखक गोंदियाच्या परिसरात हे भाषण ऐकत असेल, तर त्याच्यापुढे आज मी एकच प्रश्न ठेवणार आहे : आपली पात्रे चिडतात, थट्टा करतात, एकमेकांची उणीदुणी काढतात, तेव्हा त्यांच्या तोंडी आपण घातलेला शब्द त्या काळी जन्माला तरी आला होता काय? दरबारी भाषा त्यामानाने सुसाध्य असते. चार ‘हुजूर’ आणि दोन ‘मेहेरबान’ पेरले की लेखकाला आपण भूतकाळात पोहोचल्याचा भास होतो. खरी कसोटी लागते ती बाजारातल्या, छावणीतल्या आणि पारावरच्या बोलीत.

उदाहरण आपल्या उशाशीच आहे. कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल यांनी 1818 साली बंड उभारले. त्यावर लिहिणाऱ्याने एखाद्या शिपायाला ‘मामा तलावा’च्या पाळीवर बसवले, तर चित्र मनोहर वाटेल, पण शब्द घात करील, कारण हा ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी, आणि मालगुजारी ‘माजी’ झाली ती 1951 साली. त्याच शिपायाने एखाद्या लबाडाला ‘चारसौबीस’ म्हटले, तर ज्या दंडसंहितेच्या कलमावरून हा शब्द आला ती 1860 सालची, म्हणजे बंडानंतर बेचाळीस वर्षांनी झालेली. ‘गाडी रुळावरून घसरली’ हे उद्गार तर 1853 साली मुंबई-ठाणे आगगाडी धावण्यापूर्वी कोणाच्या स्वप्नातही येणे शक्य नव्हते.

मग योग्य शब्द शोधावा कोठे? प्रथम मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडावा. त्याची पहिली आवृत्ती 1831 ची, दुसरी 1857 ची. एखादा वाक्प्रचार तेथे सापडला, तर तो तेव्हा रूढ होता एवढी ग्वाही मिळते. न सापडल्यास मात्र तो नव्हताच, असा निवाडा देऊ नये. त्याच्या जोडीला दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि य. न. केळकरांचा 1962 सालचा ‘ऐतिहासिक शब्दकोश’ ठेवावा. पेशवे दफ्तराचे छापील पंचेचाळीस खंड आहेत खरे. तथापि पत्र हे कारकुनाच्या लेखणीतून गाळून आलेले असते. जिवंत बोली हवी असेल तर जबान्या, करीने आणि तक्रारअर्ज धुंडाळावेत, कारण ‘अमक्याने मला असे असे म्हटले’ हे सांगताना फिर्यादी शिवीसुद्धा वगळत नाही.

शब्दाला जसे साल असते, तसा धनीही असतो. आपल्या उत्तरेस जबलपूर-सागर भागात ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमन साहेबाने माफीच्या साक्षीदारांकडून ठगांची सांकेतिक बोली टिपून 1836 साली तिचा कोश छापला. वाटसरूला गोड बोलून नादी लावणारा तो ‘सोठा’, फास टाकणारा तो ‘भुर्तोट’, आणि घात करण्याचा इशारा ती ‘झिरनी’. शब्द कोणालाही मोह पाडतील असे आहेत. परंतु ते टोळीच्या मालकीचे. बैलगाडी हाकणाऱ्या कुणब्याच्या तोंडी ‘झिरनी’ घातली, तर वाचकाला तो कुणबीच ठग वाटेल!

आपल्या भागातल्या झाडीबोलीविषयीही एक इशारा देतो. ‘डोळ्या’ला ‘डोरा’ म्हणणाऱ्या आजीजवळ बसावे, दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्ये रात्रभर पाहावीत, कान तयार करावा. कारण बोलीची लय कोशात मिळत नाही. पण आजीचा शब्द हा आजीच्या काळाचा पुरावा आहे, चिमणा पटेलांच्या काळाचा नव्हे. तो मागे न्यायचा असेल, तर कागदाची एखादी साक्ष हवी.

यासाठी एक वही करावी आणि तिच्यात तीन रकाने पाडावेत : शब्द, तो सापडलेले जुन्यात जुने साल, आणि तो बोलणारा माणूस कोण. तिन्ही रकाने भरले की शब्द बेलाशक वापरावा, तोही जेवणात चटणी वाढतात तितकाच. एखादा रकाना कोरा राहिला, तर कितीही चटकदार असला तरी त्या शब्दाला रजा द्यावी आणि साधे ‘चोर’ म्हणावे. चोराला चोर म्हणण्यास कोणत्याही शतकात हरकत नव्हती.