गाडीचं हँडल का थरथरतं?

आज हप्ते नाहीत, बँकेची कागदपत्रं नाहीत. आज बोलायचंय मोटरसायकलच्या हँडलबद्दल. हसू नका. आपल्यातल्या कितीतरी जणी रोज जुन्या गाडीवर मागे एका अंगाने बसतात, मांडीवर लेकरू, हातात पिशवी. हँडल हललं तर पहिलं कोण पडतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आमच्या गटातली एक ताई आणि तिचे मालक जुन्या बुलेटवर आठवडी बाजार करतात. चटण्या, पापड, कुरडया. मागे दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या, कॅरिअरवर गोणी, आणि गोणीला टेकून ताई. घाटाच्या उतारावर गाडीने वेग घेतला की हँडल डावं-उजवं मारायचं. दादा म्हणायचे, जुनी गाडी आहे, तिची खोडच आहे ती. मिस्त्री म्हणाला, कोनसेट गेलाय. तो बदलला, पैसे गेले, हँडल तसंच! गटाच्या बैठकीत ताईने दुरुस्तीसाठी दुसऱ्यांदा कर्ज मागितलं, तेव्हा हा विषय निघाला. मग आम्ही दुसऱ्या एका जाणत्या मिस्त्रीला अंगणात बोलावलं आणि सगळ्या जणी बघत उभ्या राहिलो.

त्याने हत्यारांची पेटी उघडलीच नाही. आधी विचारलं, थरथर कधी होते? हे फार महत्त्वाचं आहे. चाळीस-पन्नासच्या वेगात, ॲक्सिलेटर सोडल्यावर नुसतं हँडल थरथरत असेल, तर दोष बहुधा पुढे असतो. म्हणजे पुढचा टायर, रिम, नाहीतर कोनसेट. पण वेगात सगळी गाडीच होडीसारखी डोलत असेल, तर मागे बघायचं. मागचा टायर, चिमट्याचे बुश आणि ओझं. ताई म्हणाली, माझी तर बैठकच हलते. तिथेच अर्धं निदान झालं. मागे बसणारीला गाडीचं जे कळतं, ते चालवणाऱ्याला पुष्कळदा कळत नाही, असं माझं मत झालंय.

मग ओझं. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलार होते, जू वर उचलतं. मोटरसायकलचं तेच. पेट्या मागच्या चाकाच्याही मागे लटकत होत्या, त्यामुळे पुढचं चाक हलकं पडून जमीन नीट धरत नव्हतं. जड माल खाली आणि जितका पुढे घेता येईल तितका घ्यायचा, दोन्ही बाजूंना सारखा. दुधाच्या किटल्यांनाही हाच नियम. हँडलला तर पिशवी अडकवूच नये. ती झोका घेते आणि हँडलला ओढते.

नंतर हवा. मागच्या चाकात हवा फारच कमी निघाली. शंभर सीसीच्या गाड्यांना साधारण पुढे २५ आणि मागे एकट्या माणसाला २८ लागते. मागे कोणी बसणार असेल, माल असेल, तर मागची वाढवावी लागते. आपल्या गाडीचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत बघून घ्या. हवा टायर गार असताना तपासायची. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, तेही वाचायला शिका. १२१९ असेल, तर टायर २०१९ सालच्या बाराव्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक दिसते, पण रबर वाळून भेगाळलेलं असतं. तो टायर बदलायचाच.

आता गाडी डबल स्टँडवर घ्या. मागचं चाक दोन हातांनी धरून आडवं हलवा. खडखडलं तर चाकाचं बेअरिंग तरी गेलंय, नाहीतर चिमट्याचा बुश. ताईच्या गाडीचा बुश इतका झिजला होता की चिमटाच बाजूला सरकत होता. मागचं चाक सरळ आहे का, तेही बघा. साखळी ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवायच्या असतात, घाईत कोणी बघत नाही.

मग एकीने मागे दाब द्यायचा म्हणजे पुढचं चाक उचलतं. चाक फिरवा आणि रिमजवळ पेन स्थिर धरा. रिम एका जागी पेनाला लागली, दुसऱ्या जागी लांब गेली, तर ती आऊट आहे. तारा पान्याने हळूच वाजवा. मडकं वाजवून घेतो तसंच, ढिली तार बद्द वाजते. आता पुढचे दोन्ही पाइप खालून धरून मागे-पुढे ओढा. 'टक्' झालं तर कोनसेट ढिला. हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. मध्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं तर वाट्यांना खड्डे पडलेत, मग वाट्या आणि छर्रे सगळंच नवं घालायचं. फार आवळलेला कोनसेटही वाईट, गाडी सरळ जातच नाही. बरोबर बसवलेलं हँडल बोटाच्या धक्क्याने आपोआप बाजूला पडतं.

ताईच्या गाडीला बुश, हवा आणि पेट्या पुढे सरकवणं, एवढंच लागलं. कर्ज लागलं नाही.

वाटेतच थरथर सुरू झाली तर? कचकन ब्रेक मारू नका, हँडलशी झटू नका. गुडघ्यांनी टाकी धरा, ॲक्सिलेटर हळूहळू सोडा, गाडी आपसूक मंदावू द्या. मागे बसणारीने हलायचं नाही, वाकून बघायचं नाही. आणि हेल्मेट दोघांनाही. कायदा मागे बसणारीलाही लागू आहे.

गॅरेजला जाल तेव्हा यातलं काय हलतंय, ते आधी सांगा. काढलेला जुना भाग हातात मागून घ्या आणि बोटाने चाचपून बघा. वाटीला खड्डा नसेल, तर ती का बदलली ते तिथेच विचारा.