विशीतला जमाखर्च

(केनवड, ता. रिसोड, जि. वाशिम येथे महाविद्यालयीन विद्यार्थी व तरुण कार्यकर्ते यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



तरुणांना काटकसरीचा उपदेश करणे हा सुस्थितीतील वडीलधाऱ्यांचा जुना छंद आहे. ज्याच्या हाती महिनाअखेर काही उरतच नाही, त्याला 'उरलेले जपून ठेव' असे सांगणे ही एक प्रकारची थट्टाच होय. समाजवादी चळवळीने हा विषय आजवर बहुधा टाळला, त्यामागे हीच भावना होती. प्रश्न जमिनीचा आहे, वेतनाचा आहे, शेतमालाच्या भावाचा आहे. तो एकेकट्याच्या पासबुकात सुटणार नाही, ही चळवळीची भूमिका बरोबरच होती आणि आहे. परंतु विषय टाळल्याने तो नाहीसा होत नाही. तो दुसऱ्यांच्या हाती जातो. आज रिसोड तालुक्यातील एखाद्या विद्यार्थ्याला पैशाविषयीचा पहिला धडा शिक्षक देत नाही, पालक देत नाहीत, कार्यकर्ता तर देतच नाही. तो धडा देते मोबाईलवरील एखादे 'झटपट कर्ज' देणारे अ‍ॅप, किंवा शेअरबाजारातून महिन्यात पैसे दुप्पट करून दाखविणारा कोणी वाचाळ पडद्यावरून. तेव्हा जमाखर्चाची ही वही चळवळीने आपल्या हाती घेणे अगत्याचे झाले आहे.

आरंभ सोयाबीनपासून करणे योग्य ठरेल, कारण या भागातील बहुतेक घरांचा हिशेब तेथूनच सुरू होतो. घरातला मुलगा पदवीधर झाला आणि स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्याला निघाला, अशी कल्पना करा. खोलीभाडे, मेस, अभ्यासिका, पुस्तके आणि गावी येण्याजाण्याचे भाडे मिळून महिन्याला दहा हजार रुपये धरले, तर ते काटकसरीचेच म्हणावे लागतील. क्लासची फी निराळी. वर्षाचे झाले एक लाख वीस हजार. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. या भावाने एक लाख वीस हजारांसाठी साडेबावीस क्विंटल सोयाबीन विकावे लागते. कोरडवाहू जमिनीत एकरी पाच-सहा क्विंटल उतारा धरला, तर चार एकरांचे सगळे पीक झाले. बियाणे, खत, फवारणी, सोंगणी, मळणी यांचा खर्च त्यातून वजा केलेलाच नाही. आणि बाजारात हमीभाव मिळेलच असेही नाही. २०२४ आणि २०२५ या दोन्ही हंगामांत आवक वाढताच भाव हमीभावाच्या बराच खाली घसरला, हे येथील शेतकऱ्याला कोणी वेगळे सांगावयास नको.

म्हणजे चार एकरांचे कुटुंब आपले संपूर्ण पीक एका मुलाच्या एका वर्षावर लावीत असते. हा हिशेब मुलाला कोणी सांगत नाही. बाप सांगत नाही, कारण त्याला मुलाचे मन मोडावयाचे नसते. मुलगा विचारीत नाही, कारण उत्तर त्याला ठाऊक असते. या मौनात तीन, चार, कधी सहा वर्षे निघून जातात.

आता दुसऱ्या बाजूचा आकडा. २०२३ साली महाराष्ट्रात तलाठ्यांच्या ४,६४४ पदांसाठी भरती झाली. अर्ज आले दहा लाखांहून अधिक. एका पदामागे दोनशेहून जास्त उमेदवार. परीक्षा शुल्क खुल्या प्रवर्गाला एक हजार आणि राखीव प्रवर्गाला नऊशे रुपये होते. सर्वांनी कमी दरानेच भरले असे मानले तरी हा गुणाकार नव्वद कोटींच्या घरात जातो. बेकारांच्या खिशातून एका भरतीसाठी एवढी रक्कम गोळा करणे शासनाला शोभते काय, हा प्रश्न विधानसभेत आणि रस्त्यावर विचारला गेला व पुढेही विचारलाच पाहिजे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शासकीय कार्यालयांत बाह्य यंत्रणेमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय निघाला आणि तरुणांच्या विरोधामुळे ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. संघटित आवाजाचा उपयोग होतो, याचे हे ताजे उदाहरण आहे.

पण आंदोलनाने पदांची संख्या वाढविली तरी दोनशेंपैकी बहुसंख्यांना दुसरी वाट शोधावीच लागणार. म्हणून तयारी करू नये, असे नव्हे. शेतकऱ्याच्या पोराने अधिकारी होण्याची आकांक्षा धरू नये असे म्हणणारा मनुष्य चळवळीचा मित्र नव्हे. मात्र तयारीला मुदत असली पाहिजे, आणि ती मुदत घर सोडण्यापूर्वी, घरातल्या सर्वांसमक्ष, आईबहिणींसह ठरली पाहिजे. दोन वर्षे म्हटले तर दोन वर्षे. राज्याच्या सेवांमध्ये वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत वाढली, तेव्हा तिचे स्वागत झाले; न्यायाच्या दृष्टीने ते योग्यही होते. परंतु कायद्याने दिलेली सवलत म्हणजे आयुष्याचे वेळापत्रक नव्हे. (घरातील मुलीला मात्र अशी मुदत मागण्याचीही सोय नसते, तिच्यासाठी लग्न हीच मुदत ठरलेली असते. २०२४ साली शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. किती घरांनी या सवलतीचा विचार केला, हे प्रत्येकाने आपापल्या घरी विचारून पाहावे.)

दुसरी वाट म्हणजे काय? पदवीच्या तीन वर्षांतच हाताला एखादे काम शिकवून ठेवणे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली आणि 'कमवा आणि शिका' हे सूत्र प्रत्यक्षात आणले. त्यांचा हेतू केवळ फीचे पैसे उभे करण्याचा नव्हता. श्रमाची लाज गेलेला पदवीधर निर्माण व्हावा, ही त्यांची दृष्टी होती. आज वीजजोडणी, पंपदुरुस्ती, ट्रॅक्टर-यंत्रांची देखभाल, हिशेबनिशी ही कामे जाणणारा पदवीधर उपाशी राहत नाही; परंतु आयटीआयमध्ये गेलेला मुलगा 'कमी हुशार' असा गैरसमज शिकलेल्या घरांतच अधिक आढळतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यात विद्यावेतनासह शिकण्याची सोय केलेली आहे. काही मालक या नावाखाली स्वस्त मजूर राबवितात, ही गोष्ट खरी. तेथे संघटनेने लक्ष घालावे. सोय मात्र सोडून देऊ नये.

आता कर्जाविषयी. कर्ज वाईट, असे सरसकट म्हणणारे अर्थशास्त्र चुकीचे आहे. संत गाडगेबाबांनी याच वऱ्हाडात गावोगाव कीर्तनांतून ऋण काढून सणवार करू नका, असे कळवळून सांगितले; आणि त्याच तोंडाने ताटवाटी मोडावी लागली तरी मुलांना शिकवा, असेही सांगितले. या दोन वाक्यांत विरोध नाही. ज्या खर्चातून उद्या कमाईची शक्ती वाढते तो एक, आणि जो चार दिवसांच्या मानपानात जिरतो तो दुसरा, हा भेद शाळेत न गेलेल्या त्या महापुरुषाने अनेक पदवीधरांहून स्पष्ट जाणला होता.

शिक्षणासाठी कर्ज घ्यावेच लागले तर ते बँकेचे घ्यावे. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही; साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमीची योजना आहे. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत, निवडलेल्या संस्थांमधील आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत ठेवली आहे. शाखेतून तोंडी नकार मिळाला तर तो लेखी मागावा. लेखी नकार देताना पुष्कळदा होकार सापडतो. तथापि सवलत असली तरी कर्ज ते कर्जच. ज्या महाविद्यालयाचे मागील वर्षांचे विद्यार्थी काय करीत आहेत याचे उत्तर संस्था देत नाही, तेथे कर्ज काढून प्रवेश घेणे म्हणजे विहिरीला पाणी आहे की नाही हे न पाहता मोटार बसविणे.

बँकेबाहेरचे कर्ज ही या भूमीची जुनी जखम आहे. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये केलेल्या ग्रामीण पतपुरवठ्याच्या पाहणीत असे दिसले की शेतकऱ्याच्या कर्जापैकी जवळजवळ सत्तर टक्के सावकारांकडून येत होते आणि सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के होता. धनंजयराव गाडगीळ, वैकुंठभाई मेहता यांच्या पिढीने सहकाराचा आग्रह धरला, तो या आकड्यांचे मर्म ओळखून. त्या जुन्या सावकाराला निदान चेहरा होता, आणि जुन्या व्यवहारशास्त्रात दामदुपटीचा दंडक होता: एका वेळी वसूल होणारे व्याज मुदलाहून अधिक असता कामा नये. खिशातल्या फोनमधून बोलणाऱ्या नव्या सावकाराला चेहरा नाही. तो कर्जदाराची फोनयादी मागून घेतो आणि हप्ता चुकला की त्याच्या मामा-मावशांना निरोप पाठवितो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये यासंबंधी नियम केले: कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात आली पाहिजे, सर्व आकार धरून वार्षिक दर आधी सांगितला पाहिजे, ठराविक दिवसांत कर्ज परत करण्याची मुभा दिली पाहिजे. हे जेथे होत नाही तेथे सही करू नये. दर 'शेकडा तीन' असे कोणी सांगितले की तो महिन्याचा असतो; वर्षाचे छत्तीस झाले. एवढा गुणाकार तोंडी यावयास हवा.

जुगार हा शब्द मुद्दामच वापरावा लागतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये शेअरबाजारातील वायदे व्यवहारांची पाहणी प्रसिद्ध केली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत व्यक्तिशः व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक होता. यांत तिशीच्या आतील मंडळींचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले, आणि तीनचतुर्थांशांहून अधिक लोकांचे वार्षिक उत्पन्न पाच लाखांपेक्षा कमी होते. पैसे गेले कोठे? त्याच पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या मोठ्या दलालसंस्थांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी सुमारे २८ हजार कोटी ढोबळ नफा मिळविला. गरिबाच्या खिशातून श्रीमंताच्या तिजोरीकडे पैसा वाहतो, हे सिद्ध करण्यासाठी पूर्वी जाडजूड ग्रंथ लिहावे लागत. आता बाजाराचा नियामकच ते आकडे देतो. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला. तोवर कित्येक घरांतील फीचे पैसे त्यात गेले होते.

बचतीविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण शहाणपणाची बचत कंटाळवाणीच असते. पहिली बचत सहा महिन्यांच्या खर्चाएवढी, बँकेत किंवा पोस्टात, हाताशी. वीस रुपये वार्षिक हप्त्यात दोन लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा, या सरकारी योजना बँक खात्यातून मिळतात. कमावत्या तरुणाने त्या घ्याव्यात. विमा आणि गुंतवणूक एकाच कागदात बांधून विकणारा नातेवाईक दारी आला तर चहा द्यावा, सही देऊ नये. भविष्यनिर्वाह निधीच्या पोस्टातील खात्यात महिन्याला हजार रुपये टाकले, तर २०२० साली ठरलेल्या ७.१ टक्के दराने पंधरा वर्षांत एक लाख ऐंशी हजारांचे तीन लाखांहून थोडे अधिक होतात. यात कोणी श्रीमंत होत नाही. पण एक गोष्ट या भागात विशेष सांगितली पाहिजे. बँकेतील पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून विम्याचे संरक्षण आहे, सहकारी बँकांतील ठेवीलाही आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट संस्थांच्या ठेवींना ते नाही. दोन टक्के जास्त व्याजासाठी अनेक कुटुंबांनी मुलीच्या लग्नाचे, आजारपणाचे पैसे अशा ठिकाणी ठेवले आणि टाळे लागलेल्या दारापुढे उभे राहण्याची पाळी त्यांच्यावर आली. सहकाराची निष्ठा म्हणजे सहकाराच्या नावावरील आंधळा विश्वास नव्हे.

कार्यकर्त्यांना हे सर्व फार व्यक्तिगत वाटेल. परंतु कंपनीच्या दारात सभा असते तेव्हा मागे कोण राहतो, हे त्यांनी आठवून पाहावे. ज्याच्या डोक्यावर मोटारसायकलचा हप्ता, फोनचा हप्ता आणि अ‍ॅपचे कर्ज आहे, तो हात वर करीत नाही. ज्याच्याजवळ तीन महिन्यांचे धान्य आणि भाडे आहे, त्याचा आवाज निराळा लागतो. संपनिधीची कल्पना कामगार चळवळीला याच अनुभवातून सुचली होती. पुण्याच्या अथवा संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या नोकरीवर जाणाऱ्याने नियुक्तिपत्र मागून घ्यावे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांवर संघटनांचे गंभीर आक्षेप आहेत, पण नियुक्तिपत्र देण्याचे बंधन त्यांतही आहे. पगारपत्रकावर भविष्यनिर्वाह निधीची कपात दिसली, तर ती रक्कम खात्यात जमा होते की नाही हे दर तीन महिन्यांनी पाहावे. वेतनातून कापलेली आणि न भरलेली वर्गणी ही चोरी आहे.

केनवडमध्ये काय करता येईल, असे विचारले जाईल. दर रविवारी एक टेबल आणि दोन खुर्च्या पुरेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता यांचे अर्ज मुदतीत न भरल्यामुळे किंवा उत्पन्नाच्या दाखल्याअभावी राहून जातात. ते तेथे भरून द्यावेत. ज्याला कर्जाचा कागद समजत नाही त्याला तो वाचून दाखवावा. पुण्याहून तीन वर्षांनी हात हलवीत परत आलेला मुलगा सहसा घराबाहेर पडत नाही. त्या टेबलावरची दुसरी खुर्ची त्याला द्यावी. अर्ज कसा भरतात, हे त्याच्याइतके गावात दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.