मूल होत नसेल तर दोघांनीही तपासून घ्या
(टिटवाळा येथे दांपत्य मेळाव्यात आरोग्य शिक्षिकेने केलेले भाषण)



कुटुंबनियोजनवाली बाई आली की आता ऑपरेशनचं सांगणार, म्हणून अर्धी मंडळी उठतात. आज बसा. ज्यांच्या घरी पाळणा हललाच नाही, त्यांच्यासाठी मी बोलणार आहे. तेही कुटुंबनियोजनच आहे.

आपला महागणपती म्हणजे विवाहविनायक. शकुंतलेने त्याची स्थापना केली अशी कथा आहे. नवस जरूर बोला. पण उपास, गंडेदोरे, दवाखान्याच्या खेपा सगळं बाईनंच करायचं, आणि पाच वर्षांनी सासूबाईंनी दुसरी सून बघायची, हा कुठला न्याय? मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण असतं. आणि त्याची तपासणी सगळ्यात सोपी. दोन ते सात दिवस संबंध टाळून वीर्य तपासायला द्यायचं. दोष दिसला तर पुन्हा एकदा द्यायचं, एका रिपोर्टावर निकाल लावू नये.

साधारण शंभर पुरुषांत एकाच्या वीर्यात शुक्रजंतू मुळीच नसतात. हे कळलं की गडी खचतो, मर्दानगी गेली म्हणतो. तसं काही नसतं. विहिरीला पाणी आहे, पण पाट बुजलाय, असं पुष्कळदा असतं. शुक्रजंतू वृषणात तयार होतात, वाट बंद असते. कुणाला नळी जन्मतःच नसते, कुणाची जुन्या रोगाने बुजते, कुणाची नसबंदी झालेली असते. नसबंदीनंतरही शुक्रजंतू तयार होतच राहतात. मूल दगावलं, तर नळी पुन्हा जोडता येते. मात्र ती हमखास जुळेलच असं नाही, म्हणून नसबंदी पूर्ण विचार करूनच करावी.

नळी जुळली नाही, तरी वृषणातून किंवा त्याला चिकटलेल्या गुंडाळीतून बारीक सुईने शुक्रजंतू काढता येतात. जागा बधिर करतात किंवा भूल देतात, बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. हे जंतू थोडे आणि अशक्त असतात. म्हणून प्रयोगशाळेत पत्नीच्या एकेका बीजात एकेक जंतू सुईने घालतात. या रीतीने गर्भ राहिल्याचं १९९२ साली ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी जगाला सांगितलं. त्याआधी ६ ऑगस्ट १९८६ला आपल्या परळच्या केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं होतंच.

विहिरीलाच पाणी कमी असेल, तर मामला अवघड. मग सूक्ष्मदर्शकाखाली वृषणात शोधावं लागतं, आणि साधारण निम्म्या जणांतच जंतू मिळतात. अंग कमवायला संप्रेरकाची इंजेक्शनं घेणाऱ्या पोरांनो, त्यानेही जंतू बंद होतात बरं का! डॉक्टरांना ते लपवू नका.

खोटी आशा मी दाखवणार नाही. खर्च मोठा आहे, इंजेक्शनांचा त्रास पत्नीलाच होतो, आणि एवढं करून गर्भ राहीलच असं नाही. पत्नीचं वय वाढलं की शक्यता घटते, म्हणून वर्षं दवडू नका. २०२१च्या कायद्याप्रमाणे असं केंद्र नोंदणीकृतच हवं. स्त्री २१ ते ५० आणि पुरुष २१ ते ५५ वर्षांचा असावा लागतो. शेत गहाण टाकण्याआधी नोंदणीचा दाखला मागून बघा.

आता कुणाला विचारायचं असेल तर मागे थांबा. चारचौघांत नको वाटलं तर आरोग्य केंद्रात या. दोघंही या, आणि जमलं तर सासूबाईंनाही आणा.